सोबतीची वाट

“एकटे काहून चालून रायले, भाऊ? सोबत नाही का?”

मूलहून सावलीकडे जाणाऱ्या सडकेवर, उजाडून जेमतेम अर्धा तास झाला असेल नसेल, तोच पाठीमागून येणाऱ्या एका घोळक्यातील वृद्ध बाईने मला असे हटकले. आणि तिच्या स्वरात कुतूहलापेक्षा दटावणीच अधिक होती. मी मार्कंड्याला निघालो आहे, महाशिवरात्रीला तेथे पोहोचण्याचा माझा मानस आहे, एवढे सांगताच तिने माझ्या गावाविषयी वा जातीविषयी एक अक्षरही न विचारता पुढे काठी घेऊन चालणाऱ्या एका गड्याला हाळी दिली, मागच्या दोघांना थांबवले, आणि ज्या मधल्या भागात बायका व पोरे चालत होती तेथे मला जागा करून दिली. मग तिने बोटाने सगळी डोकी मोजली. मघापर्यंत ती तेवीस होती, आता चोवीस झाली. त्या मोजणीत माझा समावेश झाला, आणि परतीच्या दिवसापर्यंत मी त्या मेळ्याचा माणूस राहिलो.

पायी यात्रेत जुळणाऱ्या मैत्रीविषयी लिहावे असा विचार माझ्या मनात फार दिवसांपासून घोळत होता, आणि तो घोळत असताना स्वाभाविकपणे डोळ्यांपुढे येत होती ती पंढरीची वारी. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यमुलखात चार दिवस चालल्यानंतर माझ्या ध्यानात आले की, येथे मैत्रीच्या आधी एक निराळी वस्तू असते, आणि तिचे नाव सोबत. ‘आज बाजाराले सोबत आहे का’, ‘सोबत पाहून ये’, ‘सोबत नसंल तर राहू दे’ ही वाक्ये येथील घराघरांत दिवसातून दहा वेळा ऐकू येतात, आणि त्यांतील सोबत ही मनोरंजनासाठी शोधलेली नसून जिवाच्या रक्षणासाठी शोधलेली असते. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांत मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना, सरपणाला गेले असताना वाघाच्या तडाख्यात सापडलेल्या माणसाचे घर ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. ताडोब्याचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले आणि १९९५ साली व्याघ्रप्रकल्प. परंतु वाघ काही प्रकल्पाची हद्द वाचून चालत नाही, आणि त्या हद्दीबाहेरच्या झुडपी जंगलातून, धानाच्या बांध्यांतून, तलावाच्या पाळीवरून त्याची ये-जा चालूच असते. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगढच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हापासून पूर्वेकडच्या गावांना आणखी एका धास्तीची भर पडली आहे. अशा मुलखात जो आपल्याबरोबर चालतो त्याचे मोल काय, हे शहरातील मनुष्यास उमगण्यास अवधी लागतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. गोंड राजांच्या चांद्याभोवती, म्हणजे आजच्या चंद्रपुराभोवती, पसरलेला तो अवाढव्य जिल्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर १८५४ साली इंग्रजांकडे गेला, मध्यप्रांताच्या दप्तरात राहिला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन मुख्यतः वैनगंगेच्या पूर्वेकडचा मुलूख गडचिरोली या नावाने निराळा झाला. सरकारी दस्तऐवजांत नदी अशी सरहद्द झाली खरी, तथापि दोन्ही काठांचे सोयरसंबंध, बाजार आणि देव यांनी ती सरहद्द फारशी मनावर घेतली नाही. मार्कंडा हे गाव नदीच्या गडचिरोलीकडील काठावर, चामोर्शी तालुक्यात आहे; पण यात्रेकरू निम्मेशिम्मे चंद्रपूरकडचे असतात, तेलंगण आणि छत्तीसगढकडूनही येतात. कोणी मोटारीने येतो, कोणी रेंगी जुंपून सहकुटुंब येतो, नदीकाठचे लोक डोंग्याने उतरतात, आणि ज्यांचे नवस आहेत, किंवा ज्यांचे आईबाप पायी जात असत म्हणून ज्यांचेही पाय त्याच वाटेला लागतात, ते चालत येतात.

माघ सरत आला की या वाटेचे रूप पाहण्यासारखे असते. धान केव्हाच घरी गेलेले, बांध्यांत लाखोळी आणि जवस उभे, मालगुजारांनी व त्यांच्या आधी गोंड राजवटीत कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेल्या तलावांचे पाणी पाळीपासून मागे सरकलेले, आणि पानगळीने उघड्या पडलेल्या रानात पळस असा फुललेला की वाटेच्या दोन्ही बाजूंना कोणी निखारे टांगून ठेवले असावेत. मालगुजारी १९५१ साली गेली, मालगुजारही गेले, परंतु त्या तलावांना लोक अद्याप मामा तलाव म्हणतात. माजी मालगुजारी या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून निघालेला हा मामा, सरकारी संक्षेपाचे नात्यात रूपांतर करण्याची येथील लोकांची हातोटीच जणू दाखवतो.

सावलीच्या मुक्कामी, एका शाळेच्या ओसरीवर, माझ्या उजव्या टाचेला आलेला फोड त्या वृद्ध बाईच्या दृष्टीस पडला. तिने कमरेच्या पिशवीतून सुई काढली, तीत पांढरा दोरा ओवला, दिव्याच्या ज्योतीवर सुईचे टोक लाल होईपर्यंत धरले, आणि फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढली. दोरा मात्र तिने आतच राहू दिला. दोन्ही बाजूंना बोटभर शेंडे ठेवून तो तोडला, म्हणजे रात्रभर त्या वाटेने पाणी झिरपून जाते आणि कातडी जागची हलत नाही. मग मोहाच्या टोळीचे तेल तळहातावर घेऊन तिने ते टाचेला चोळले. माझ्या आईहून वयाने मोठी असलेली स्त्री माझे पाय हातांत घेऊन बसली आहे याने मी संकोचलो, पाय मागे घेऊ लागलो; तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “तुमचे पाय चालले तं आमची रांग चालते.” या बोलण्यात ममतेचा अभाव नव्हता, परंतु ममतेचे प्रदर्शनही नव्हते. रांगेतील एकाचा पाय अडला की चोवीसही जणांना थांबावे लागते, आणि थांबले की जंगलाच्या पट्ट्यात दिवस मावळतो, इतका सरळ हा हिशेब होता; आणि मला असे वाटते की, ज्या स्नेहाच्या मुळाशी असा हिशेब असतो तो निव्वळ भावनेवर उभारलेल्या स्नेहापेक्षा अधिक टिकतो.

त्या मेळ्यात दोन म्हातारे होते, आणि सारा वेळ माझी दृष्टी वारंवार त्यांच्याकडेच जात होती. एक जातीने ढिवर, तलावात शिंगाडे लावणारा, मूलकडचा. दुसरा बौद्ध, आयुष्यभर दुसऱ्याच्या बांध्यांत रोवणी-कापणी केलेला, मूळचा नदीपलीकडचा, पण यात्रेसाठी म्हणून आधीच दोन दिवस अलीकडे येऊन राहिलेला. ढिवर म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर सारा आला होता, उजेडाचा तेवढा भास होत होता. दुसरा त्याचा हात धरीत नसे. तो त्याच्या डाव्या बाजूने अर्धे पाऊल पुढे चाले आणि आपली काठी सडकेच्या कडेवर, जेथे डांबर संपून मुरूम लागतो नेमक्या त्या रेषेवर, ठराविक अंतराने टेकवी. त्या ठक्-ठक् आवाजाच्या अनुरोधाने मागचा निर्धास्त चाले. खड्डा आला की काठी दोनदा वाजे. मोटार आली की काठी थांबे, आणि मागचाही थांबे. तीन दिवसांत या दोघांमध्ये मी मोजून वीस-पंचवीस वाक्यांपलीकडे संभाषण ऐकले नाही.

त्यांची गाठ पडली ती बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली, याच यात्रेत. बौद्ध म्हातारा तेव्हा विशीतला, एका मोठ्या शेतकऱ्याच्या बैलगाडीमागे नोकर म्हणून आलेला. वाटेत त्याला हिवताप भरला, आणि यात्रा चुकू नये म्हणून गाडी पुढे निघून गेली. झाडाखाली पडलेल्या त्या पोराजवळ एक अनोळखी ढिवर मुलगा थांबला. त्याचेही लोक पुढे गेले. दोन रात्री त्या दोघांनी शेकोटीच्या आधाराने काढल्या, आणि महाशिवरात्र उलटून गेल्यावर, यात्रा फुटू लागली असताना, दोघे मिळून मार्कंड्याला पोहोचले. “देव होता का जाग्यावर?” असे मी विचारले, तेव्हा ढिवर म्हातारा म्हणाला, “देव कुठं जाते? तो तं बसूनच होता.”

त्यानंतर वर्षे लोटली. धम्मदीक्षा घेतलेल्या घरचा मनुष्य महादेवाच्या यात्रेला का येतो, असा प्रश्न माझ्या मनात येणे अपरिहार्य होते, आणि तो मी भीत भीतच विचारला. त्याचे उत्तर मी जसेच्या तसे देतो : “मी देवाले नाही येत. मी सोबतीले येतो.” आणि एवढ्यावरच हे प्रकरण संपत नव्हते. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात सहस्रावधी लोकांना दीक्षा दिली. त्या दिवशी या म्हाताऱ्याचे वडील त्या मैदानावर होते. दरवर्षी त्या दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर मोठा समुदाय लोटतो, आणि दरवर्षी ढिवर म्हातारा आपल्या सोबत्याबरोबर तेथे जातो, रांगेत उभा राहतो, हात जोडतो आणि परत येतो. माघात एक दुसऱ्याच्या देवाकडे जातो, आश्विनात दुसरा पहिल्याच्या. धर्मसमन्वयावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत; परंतु या दोन म्हाताऱ्यांनी तो शब्द आयुष्यात कधी उच्चारलेला नाही आणि त्यांना त्याची गरजही पडलेली नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ते एकमेकांना नावाने हाक मारीत नसत. गडचिरोलीच्या पुढे आमच्या मेळ्यात कोरचीकडची काही कुटुंबे येऊन मिळाली होती. त्यांतील एका बाईला मी हे बोलून दाखवले, तेव्हा तिने विशेष आश्चर्य न दाखवता सांगितले की, आमच्याकडे याला महापरसाद म्हणतात, आणि महापरसादाचे नाव घ्यायचे नसते.

या एका शब्दात मोठा इतिहास दडलेला आहे. जगन्नाथपुरीला देवापुढे ठेवलेला भात हा महाप्रसाद, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की त्याला विटाळ नाही. पुरीच्या देवळाच्या आवारात तो कोणीही कोणाच्याही हातचा घेऊन खाऊ शकतो. पूर्वी छत्तीसगढातून पुरीला चालत जाणारा यात्रेकरू तो भात वाळवून गाठीला बांधून परत आणीत असे, आणि त्या वाळल्या शितांची अदलाबदल करून, ती एकमेकांच्या मुखी घालून, दोन माणसे आयुष्यभराची मैत्री जोडीत. मग नाव घेणे बंद; भेटल्यावर ‘सीताराम महापरसाद’ एवढेच म्हणायचे. गंगेच्या पाण्याने जोडलेली मैत्री गंगाजल, श्रावणात टोपलीत उगवलेल्या कोवळ्या रोपांनी जोडलेली भोजली, नवरात्रातल्या रोपांनी जोडलेली जवारा, आणि या सगळ्यांना मिळून मितान. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जाती-जमातींवर १९१६ साली जे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत या चालीची नोंद आहे. बस्तरच्या मुरियांविषयी लिहिताना व्हेरियर एल्विननेही तिची दखल घेतली आहे. ही मैत्री बहुधा परजातीतील माणसाशी जोडलेली असते. मित्राच्या घरी लग्न निघाले तर आपल्या घरचे निघाल्याप्रमाणे उभे राहायचे, मृत्यू झाला तर घरच्यासारखे दुःख पाळायचे, आणि बापांनी जोडलेले नाते मुलांनी चालवायचे. रक्ताच्या नात्याला जशी कर्तव्यांची फेहरिस्त असते तशीच या नात्यालाही आहे, आणि तिचा उगम एका पायी यात्रेच्या शिदोरीत आहे.

येथे वारीची आठवण येणे साहजिक आहे. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट. कौंडण्यपुराहून रुक्मिणीची, शेगावाहून गजानन महाराजांची पालखी निघते ती याहून कितीतरी लांबून. आणि या वाटेवर भेटणारा प्रत्येक मनुष्य माऊली. नाव तेथेही पुसले जाते, पण निराळ्या रीतीने : वारीत सर्वांचे एकच नाव होते, तर येथे एकाच माणसाचे नाव, ते फार जवळचे झाल्यामुळे, ओठांवरून उतरवले जाते. वारीतील तो विराट स्नेह मी कमी लेखीत नाही, दि. बा. मोकाशींनी १९६१ साली पालखीबरोबर चालून लिहिलेले पुस्तक मी अनेकदा वाचले आहे. परंतु इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात जी वेदना नोंदली आहे तीही मला विसरता येत नाही. एकाच दिंडीत दिवसभर एकत्र भजन करीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवणाच्या वेळी निरनिराळे बसत, आणि आपल्या या नव्या मैत्रिणींना एकत्र आणता येत नाही याचे त्यांना अतोनात दुःख झाले. लेखाचा काळ स्वातंत्र्याच्या आसपासचा. त्याच काळात, १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले होते.

मग आमच्या मेळ्यात काय होते? खरे ते सांगितले पाहिजे. महाशिवरात्रीचा दिवस उपासाचा, त्यामुळे उकडलेली रताळी आणि शिंगाडे सर्वांनी सर्वांच्या हातचे खाल्ले. पण दुसऱ्या दिवशी पारण्याला नदीच्या वाळूत चुली पेटल्या त्या तीन होत्या, एक नव्हती. आणि त्या गावागावांच्या म्हणून निराळ्या होत्या की आणखी कशाने, हे मी विचारले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. त्या तीन चुलींपासून थोड्या अंतरावर, तीन दगड मांडून, ते दोघे म्हातारे आपली चौथी चूल पेटवून बसले होते. एकाने वांगी भाजली, दुसऱ्याने भात उतरवला. काठी मधे आडवी ठेवलेली होती.

मार्कंड्याच्या देवळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. चामोर्शीपासून सुमारे दोन तास चालल्यावर वैनगंगा एकाएकी समोर येते, आणि दक्षिणेकडे वाहणारी ही नदी येथे वळसा घेऊन उत्तरवाहिनी होते. म्हणून हे तीर्थ. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात येथे आला तेव्हा एका कोटात दाटीने उभ्या असलेल्या लहानमोठ्या देवळांचा हा समूह पाहून तो प्रभावित झाला होता. मुख्य मंदिराच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगांवर रांगा आहेत. परंतु मला त्या शिल्पांहून अधिक लोभावले ते वाळवंट. रात्री त्या वाळूवर हजारो माणसे पहुडलेली असतात, कोठे टाळ, कोठे दंडार, कोठे झाडीपट्टीच्या नाटकातले पद. आणि अंधारात येणाराजाणारा कोणी ‘रामराम’ म्हणतो, कोणी ‘जय सेवा’, कोणी ‘जय भीम’, आणि ज्याला जो नमस्कार मिळतो तो त्याच शब्दांत परत करतो. यम आला असता मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि तो वाचला, अशी येथील कथा. हिवतापाने तडफडणाऱ्या त्या नोकर पोराने कोणाला मिठी मारली असेल, असा विचार त्या रात्री माझ्या मनातून जाईना.

अशा सोबती या मुलखात मार्कंड्यालाच जुळतात असे नाही. वर्धा-पैनगंगेच्या संगमावर वढ्याला कार्तिक पौर्णिमेस दिंड्या येतात. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला नांदेड, परभणी, हिंगोलीकडचे लोक येतात, झरपटीत स्नान करतात, चंद्रपूरच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात मैदानावर चुली मांडतात. राणी हिराईने ज्या देवीचे देऊळ उभारले, ती विदर्भाची असूनही मराठवाड्यातील घरांची कुलदेवतेसारखी होऊन बसली आहे. तेथल्या मैत्रीही लिहिण्याजोग्या आहेत, पण त्यांसाठी त्या वाटेने चालले पाहिजे.

परतीच्या सकाळी मेळा फुटला. कोरचीची कुटुंबे उत्तरेकडे निघाली. बौद्ध म्हाताऱ्याचे गाव नदीच्या याच काठी असल्यामुळे तो येथूनच घरी जाणार होता. डोंग्यापर्यंत तो आला. ढिवर म्हाताऱ्याने पाण्यात पाय घातल्यावर मात्र काठीची गरज उरली नाही; नदी त्याला डोळ्यांवाचून कळत होती, आणि तो कोणाच्याही आधाराशिवाय डोंग्यात चढून बसला. निरोपाचे शब्द झाले नाहीत. डोंगा हलल्यावर काठावरच्याने काठी दोनदा दगडावर आपटली, आणि डोंग्यातल्याने हसून मान हलवली. कोणता खड्डा, हे त्या दोघांना माहीत.

वृद्ध बाईला चामोर्शीला लेकीकडे राहायचे होते. मला तातडीने मूल गाठणे भाग होते, आणि मी तिला म्हणालो की आता वाट ओळखीची झाली आहे, मी जाईन. तिने ते ऐकलेच नाही. वाळूतून ती तरातरा चालत गेली, पलीकडे निघण्याच्या तयारीत असलेल्या एका मेळ्यातील अनोळखी बाईशी बोलली, आणि माझा दंड धरून मला तिच्यापुढे उभे केले.

“हा आमचा माणूस आहे,” ती म्हणाली. “मूलपर्यंत सोबत न्या.”

त्या दुसऱ्या बाईने मला आपादमस्तक पाहिले, डोक्यावरचे गाठोडे सारखे केले, आणि बोट पुढे करून आपली माणसे मोजायला सुरुवात केली.